परवानाधारक गांजा व्यवसायातला कचरा : वजन, नोंद आणि विल्हेवाट

काटेकोर (धागाकर्ता)

लागवड, वाण, बाजारभाव यावर इथे भरपूर चर्चा होते. कचऱ्यावर मात्र कोणी फारसं लिहीत नाही आणि तपासणीत अडचणीचे प्रश्न तिथेच निघतात. माल चोरवाटेने बाहेर काढायचा असेल तर 'कचऱ्यात टाकला' ही सगळ्यात सोपी सबब. म्हणूनच नियमांची सगळी मेख त्या डब्यात आहे.

थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत राज्यांनी परवाने दिले तरी केंद्रीय कायद्यात गांजा नियंत्रित पदार्थच आहे. २९ ऑगस्ट २०१३ च्या 'कोल मेमो'त, म्हणजे न्याय खात्याच्या पत्रकात, केंद्राने राज्यांकडून ज्या अपेक्षा ठेवल्या, त्यातली एक म्हणजे परवान्याचा माल बंदी असलेल्या राज्यांत जाऊ नये. तो मेमो ४ जानेवारी २०१८ ला मागे घेतला गेला, पण बीपासून बिलापर्यंत माग ठेवणाऱ्या यंत्रणा राज्यांनी कायम ठेवल्या. मी इथे मुख्यतः कॅलिफोर्नियाबद्दल लिहितो. तिथे जुलै २०२१ मध्ये तीन जुनी खाती एकत्र करून कॅनबिस नियंत्रण विभाग झाला आणि माग ठेवायला मेट्रक ही प्रणाली वापरतात. कोलोरॅडोतही मेट्रकच आहे.

कामाचा क्रम असा ठेवा. कचरा जिथे तयार झाला तिथेच प्रकारानुसार वेगळा करा. रिकाम्या डब्याचं वजन वजा करून लगेच तोला. आकडा छापील कागदावर आणि प्रणालीत, दोन्हीकडे त्याच पाळीत लिहा. मग कॅमेऱ्यासमोर नष्ट करा. मग हवं तर माती, भुसा मिसळा. मग कुलूप, आणि शेवटी वाहतूकदाराची पावती.

आधी वजन, मग मिश्रण. हा क्रम उलटला की पुढचा सगळा हिशेब चुकतो. १० किलो पानांत १० किलो वापरलेली माती कालवली आणि मग काट्यावर ठेवलं, की प्रणालीत २० किलो गांजा-कचरा दिसतो. झाडांचं एकूण ओलं वजन ४० किलो असेल तर तपासनीस विचारणारच, की अर्धं पीक कचऱ्यात कसं गेलं?

मेट्रकमध्ये कचऱ्याची पद्धत, त्यात मिसळलेला पदार्थ, वजन, कारण आणि शेरा अशा वेगवेगळ्या जागा आहेत. मिसळलेल्या पदार्थाचं फक्त नाव लिहायचं. त्याचं वजन गांजाच्या वजनात धरायचं नाही.

कोणाला कुठल्या टप्प्यावर अडतंय ते लिहा. जाणकारांनी भर घालावी.

---

ओलाकोरडा

चांगला विषय. काढणीच्या हिशेबाबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात मोठे आकडे तिथे असतात.

झाड कापलं की त्याचं ओलं वजन झाडाला लावलेल्या टॅगच्या क्रमांकासह नोंदतात. ते सगळं मिळून एक हार्वेस्ट बॅच होते. बॅच बंद करताना प्रणाली एकच वजाबाकी करते : एकूण ओलं वजन, वजा पॅकेज केलेलं, वजा कचरा. जे उरतं ते 'ओलाव्याची घट'. म्हणजे जो कचरा तुम्ही नोंदला नाही, तो गुपचूप पाण्यात जमा होतो.

उदाहरण घ्या. एकूण ओलं वजन ६० किलो. मोठी पानं आणि जाड देठ ओलेच काढले, १८ किलो. टांगायला राहिले ४२ किलो. वाळल्यावर फुलं ५.४ किलो, ट्रिम (फुलांभोवतीची छाटलेली बारीक पानं, तीही विकली जातात) २.४ किलो, कोरड्या काड्या १.४ किलो. कचरा एकूण १९.४, पॅकेज ७.८, म्हणून ओलाव्याची घट ३२.८ किलो. टांगलेल्या ४२ किलोशी ताडली तर ७८ टक्के येते. ताज्या फुलांत ७५ ते ८० टक्के पाणी असतं, त्यामुळे हा आकडा पटतो.

आता कचरा नोंदायचा राहिला आणि बॅच बंद झाली असं धरा. घट ५२.२ किलो दिसेल, म्हणजे ६० च्या ८७ टक्के. एवढं पाणी त्या झाडात नव्हतंच. मग ते १९.४ किलो गेले कुठे, हे दाखवायला तुमच्याकडे प्रणालीतला एकही आकडा नाही.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे पानं उघड्या क्रेटमध्ये रात्रभर ठेवून सकाळी तोलणं. १८ चे १३-१४ किलो होतात. चोरी झालेली नसते, पण झाडं ज्या दिवशी ओली तोलली त्याच दिवशी पानं न तोलल्यामुळे दोन आकडे वेगवेगळ्या ओलाव्याचे होतात. ओल्याशी ओलंच ताडा. क्रेट भरला की तोला, 'सगळे भरू देत' म्हणून थांबू नका.

आणि जिवंत झाडाची छाटणी वेगळी, झाड उपटून टाकणं वेगळं. छाटणीत झाड प्रणालीत जिवंत राहतं, फक्त कचरा लागतो. उपटलं तर झाडाचा टॅग नष्ट म्हणून नोंदवावा लागतो. या दोन नोंदींची गल्लत झाली की खोलीत उभी झाडं आणि पडद्यावरची झाडं जुळत नाहीत, आणि मोजणीत ते पहिल्या दहा मिनिटांत उघडं पडतं.

---

ताम्हण

काटा कुठला घ्यावा? आमच्याकडे पानांसाठी आणि गांजाच्या तेलासाठी (अर्कासाठी) एकच वापरावा असा आग्रह चाललाय.

---

काटेकोर

ताम्हण, एकच नको. पानांच्या क्रेटसाठी ३० किलो क्षमतेचा, १० ग्रॅम भागाचा, म्हणजे १०-१० ग्रॅमच्या टप्प्याने मोजणारा, काटा पुरतो. त्यावर ३० ग्रॅम तेल ठेवलंत तर तो तीनच भाग दाखवेल आणि त्या आकड्याला काही अर्थ नाही. वर्ग ३ च्या (नेहमीच्या व्यापारी अचूकतेच्या) काट्यावर किमान २० भागांइतकं वजन असावं असा संकेत आहे, म्हणजे १० ग्रॅम भागाच्या काट्यावर २०० ग्रॅमच्या खाली तोलू नये. तेल, कार्ट्रिज (वेपमध्ये बसवायची तेलाची नळी), गमी (गांजा घातलेल्या चघळायच्या गोळ्या) यासाठी ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा ठेवा.

कॅलिफोर्नियात हे काटे व्यापारी वापराला मान्य असलेले आणि काउंटीच्या वजनमाप अधिकाऱ्याकडे नोंदलेले लागतात. स्वयंपाकघरातला काटा चालत नाही, कचऱ्यासाठीही नाही. काटा पंख्याच्या झोतात ठेवू नका. वाळवणाच्या खोलीत हा दोष हमखास असतो, आकडा नाचत राहतो आणि माणूस अंदाजाने लिहितो.

---

डोंगरवाट

मिश्रण आणि दळणाबद्दल लिहितो.

राज्याराज्यांत फरक आहे. वॉशिंग्टनने नियमात लिहिलं की दळून त्यात आकारमानाने किमान ५० टक्के बिगर-गांजा कचरा मिसळावा. कोलोरॅडोच्या मूळ नियमातही ५० टक्के होतेच. कॅलिफोर्नियाच्या नियमाचा गाभा मात्र इतकाच, की माल ओळखू येऊ नये आणि वापरता येऊ नये. ५० टक्क्यांच्या अटीवर माझा आक्षेप आहे. एक टन पाल्यासाठी दुप्पट ढीग कचरा डेपोवर जातो, आणि ज्या पानांत विकण्यासारखं काही उरलेलंच नाही त्यांनाही तोच नियम लागतो. पण नियम आहे तिथे तो पाळायचा.

आकारमान दळल्यानंतरच मोजा. न दळलेली पानं फुगलेली असतात, दळली की बसतात. एकाच मापाचे दोन डबे घ्या, एकात दळलेला माल आणि दुसऱ्यात भर, दोन्ही काठोकाठ. भर कशाची हे पुढच्या मुक्कामावरून ठरवा. कंपोस्टला जायचं असेल तर अन्नकचरा, बागेतला पाला किंवा वनस्पती तेलाचा गाळ. डेपोत जायचं असेल तर पुठ्ठा, कागद, माती, प्लास्टिकही चालतं. कंपोस्टच्या ढिगात चुकून प्लास्टिक पडलं तर कंपोस्टवाला सगळा फेरा परत पाठवतो.

श्रेडर अडकण्याचं पहिलं कारण म्हणजे फुलांना आधार द्यायला ताणलेली नायलॉनची जाळी. ती देठात गुंतलेली असते, घाईत तशीच आत जाते आणि दांड्याला अशी लपेटते की पाती खोलून सुरीने कापावी लागते. कापणीआधीच जाळी वेगळी करा. दुसरं कारण खोडाची साल. गांजाची साल म्हणजे तागासारखा लांब धागा. ओली लांब खोडं घातलीत तर तीही गुंडाळतात. वीतभर तुकडे करून घाला, किंवा खोडं दोन दिवस सुकवून धारदार पात्यांच्या चिपरमध्ये घाला. ओल्या मालाला हातोडीची गिरणी नको, लगदा होऊन जाळी बुजते. मुळांचा गड्डा झटकून घ्या, वाळूने पाती बोथट होतात.

टॅग दळणात जाता कामा नयेत. ते एकदाच वापरायचे असतात, पण कुठल्या झाडाचे होते याची नोंद पुरी होईपर्यंत हाताशी ठेवा. प्रत्येक टॅगवर २४ अक्षरांचा क्रमांक असतो. तो हाताने टाइप करू नका, स्कॅन करा.

---

ठिबक

रॉकवूल आणि नारळाचा काथ्या यांचं काय करता? आणि मुळांचं वजन धरायचं का?

---

डोंगरवाट

रॉकवूल म्हणजे दगड वितळवून काढलेले तंतू, ते कुजत नाही. डेपोतच जाणार. पाणी निथळू द्या, नाहीतर वजनाचे पैसे पाण्यासाठी भराल. काथ्या कंपोस्टमध्ये छान जातो, फक्त क्षार जास्त असतील तर आधी साध्या पाण्याने धुऊन घ्या.

मुळं माध्यमात गुंतलेली असतात, त्यामुळे त्यांचं वजन म्हणजे मुख्यतः पाणी आणि काथ्या. खोड मातीच्या पातळीवर कापा, वरचं झाड तोला, गड्डा माध्यमासोबत वेगळा काढा. तुमच्या राज्यात मुळं धरायची की नाही ते लेखी कार्यपद्धतीत एकदा लिहा आणि सगळ्या पाळ्यांत तेच पाळा. सकाळच्या पाळीने धरली आणि रात्रीच्या पाळीने नाही, असं झालं तर आकडे वर-खाली होतात आणि त्याचं स्पष्टीकरण देता येत नाही.

---

रानहळद

कंपोस्टबद्दल भर घालते. कॅलिफोर्नियात शेतीच्या परवान्याला आवारातच कंपोस्ट करायची किंवा जमिनीत परत नांगरून टाकायची मुभा आहे, आणि हा सगळ्यात शहाणा मार्ग आहे.

कार्बन आणि नत्राचं प्रमाण २५ ते ३० ला १ ठेवा. नुसत्या हिरव्या पानांत नत्र जास्त, म्हणून वाळलेली खोडं, लाकडी भुसा, पुठ्ठा घाला. ओलावा ५० ते ६० टक्के. मूठभर माल घट्ट दाबला की एक-दोन थेंब यावेत, धार लागू नये. रोगजंतू मरायला ५५ अंश सेल्सिअस लागतं : लांब ओळीच्या ढिगात १५ दिवस आणि त्या काळात पाच वेळा परतणी, किंवा बंद भांड्यात अथवा खालून हवा दिलेल्या ढिगात सलग ३ दिवस. तापमान ढिगाच्या पोटात मोजा, वरवर नको. अमोनियाचा वास आला तर नत्र जास्त झालं, आणखी भुसा घाला. सडक्या अंड्याचा वास आला तर हवा कोंडली, परता.

कंपोस्टला काय नको हे जास्त महत्त्वाचं. हॉप लेटंट व्हायरॉइडची लागण झालेली झाडं आपल्याच वाफ्यांत परतणाऱ्या ढिगात टाकू नका. व्हायरॉइड म्हणजे उघडा आरएनए, तो चिवट असतो आणि कात्रीवरून सहज पसरतो. अशी झाडं पिशवीत बंद करून डेपोला, आणि कात्र्या १० टक्के ब्लीचमध्ये. कीटकनाशकाच्या चाचणीत नापास झालेली बॅचही नको. मायक्लोब्युटानिलसारखं बुरशीनाशक ढिगात मुरवून पुढच्या पिकाच्या मुळाशी न्यायचं आणि मग पुढची बॅच का नापास झाली ते शोधत बसायचं, हे टाळता येतं.

बोकाशीही चालते. आंबवलेला कोंडा थरांत घालून डबा हवाबंद दोन आठवडे. जागा कमी लागते, वास कमी येतो, आणि माल विकण्याच्या लायकीचा मुळीच राहत नाही. पण बोकाशीतून निघालेला माल तयार खत नसतो, तो मातीत गाडून आणखी मुरू द्यावा लागतो.

---

उकळबिंदू

आतापर्यंत पाल्याचं बोलणं झालं. पाल्याची नोंद चुकली तर दंड होतो. अर्क काढणाऱ्या खोलीतला कचरा चुकला तर माणूस भाजतो. तिथे मेट्रकच्या जोडीला घातक कचऱ्याचा कायदा लागतो आणि दोन्ही स्वतंत्रपणे पाळावे लागतात.

अर्क काढायला वापरतात त्या इथेनॉलचा ज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, साधारण १३ ते १७ अंश सेल्सिअस. ६० च्या खाली ज्वलनांक असलेला टाकाऊ द्रव ज्वालाग्राही घातक कचरा ठरतो. म्हणजे वापरून गढूळ झालेलं इथेनॉल, गाळणीवरचं मेण, पुसायचे फडके, सगळंच तपासून ठरवावं लागतं. २४ टक्क्यांहून कमी अल्कोहोल असलेल्या पाण्याच्या द्रावणाला या वर्गातून सूट आहे, पण त्यामुळे ते गटारात सोडायची परवानगी मिळत नाही. त्यासाठी सांडपाणी केंद्राला वेगळं विचारा.

प्रमाण पाहा. ५५ गॅलनचं पिंप म्हणजे २०८ लिटर, इथेनॉलचं वजन सुमारे १६४ किलो. केंद्रीय नियमात महिन्याला १०० किलोपर्यंत घातक कचरा काढणारा अत्यल्प निर्माता, १०० ते १००० किलो लहान निर्माता. महिन्याला एक पिंप भरलं की तुम्ही वरच्या वर्गात गेलात. लहान निर्मात्याला साठवायला १८० दिवस. राज्याचे नियम याहून कडक असू शकतात, कॅलिफोर्नियात आहेत.

सगळ्यात जास्त आढळणारा दोष अगदी साधा आहे : पिंपाच्या तोंडात नरसाळं तसंच ठेवलेलं. कचरा ओतत नसाल तर पिंप बंद हवं. झाकणाचं नरसाळं मिळतं, ते घ्या. पिंपावर कचऱ्याचं नाव, धोका आणि साठवण सुरू झाल्याची तारीख. ओतताना दोन्ही भांडी तारेने जोडून जमिनीशी अर्थिंग करा, स्थिर विजेची एक ठिणगी पुरते. उघड्यावर ठेवून उडवून टाकणं म्हणजे विल्हेवाट नव्हे, ते बेकायदा आहे.

ब्युटेन वायूने अर्क काढतात त्याचं वेगळं. कॉलममधून, म्हणजे अर्क काढायच्या नळकांड्यातून, काढलेल्या पाल्याच्या भुश्यात वायू अडकलेला असतो. हवेत १.८ टक्के ब्युटेन झालं की ते पेटू शकतं, आणि त्याची वाफ हवेच्या दुप्पट जड, त्यामुळे ती जमिनीलगत, डब्याच्या तळाशी साचते. तो भुसा ज्वालाग्राही वायूसाठी वर्गीकृत केलेल्या त्याच खोलीत, पंखा चालू ठेवून मोकळा पसरा, गॅसमापकाचा आकडा शून्यावर येऊन टिकू द्या, मगच बाहेर. गरम असताना प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका. हे मी कळकळीने सांगतोय.

---

नीलमोहोर

लॅबवाल्यांसाठी छोटी भर. क्रोमॅटोग्राफीतून (नमुन्यातले घटक वेगळे करून मोजायच्या चाचणीतून) निघणारं मिथेनॉल आणि ॲसिटोनायट्राइल घातक कचऱ्यात जातं, त्यात नमुन्याचा अंश असला तरी. उरलेला नमुना मात्र गांजा-कचरा. कॅलिफोर्नियात राखीव नमुना किमान ४५ कामाचे दिवस ठेवावा लागतो, त्याआधी 'जागा नाही' म्हणून टाकू नका. कपाटावर बॅचनिहाय टाकायची तारीख चिकटवली तर गोंधळ होत नाही.

---

ताम्हण

दुकानात परत आलेली वेप पेनं (तेल तापवून वाफ ओढायची)? आमच्याकडे ती सरसकट हातोडीने फोडायची पद्धत आहे.

---

शेंदरी

हातोडी आधी बंद करा, आजच.

दोन गोष्टी वेगळ्या ओळखा. स्क्रूची ५१० कार्ट्रिज म्हणजे नुसती तेलाची नळी, तिच्यात बॅटरी नाही. ऑल-इन-वन पेनात लिथियमची घट आतच असते. ती चेपली, भोक पडलं, की आतल्या आत शॉर्ट होऊन पेट घेते, आणि कचऱ्याच्या गाडीत दाबयंत्राखाली गेली तर गाडी पेटते. केंद्रीय पर्यावरण संस्थेने मे २०२३ च्या पत्रकात स्पष्ट केलं की टाकाऊ लिथियम बॅटऱ्या बहुधा ज्वालाग्राही आणि क्रियाशील घातक कचऱ्यात मोडतात आणि त्या सार्वत्रिक कचऱ्याच्या (बॅटऱ्या, दिवे अशा सगळीकडे निघणाऱ्या घातक कचऱ्याच्या) सोप्या नियमांखाली हाताळता येतात. त्या नियमांत साठवणीला एक वर्ष मिळतं.

५१० साठी : कॅलिफोर्नियात तेल रिकामं करायची सक्ती नाही, कार्ट्रिज वापरता येणार नाही अशी करा. तोंडाचा भाग कापा किंवा काच फोडून मातीत घोळवा. जाड हातमोजे आणि चष्मा.

ऑल-इन-वनसाठी : फोडू नका, दळू नका. उघडी टोकं असतील तर चिकटपट्टी लावा. पत्र्याच्या डब्यात वाळू किंवा व्हर्मिक्युलाइटच्या (न जळणाऱ्या हलक्या खनिजाच्या) थरात ठेवा, पुठ्ठ्याच्या खोक्यात नको. फुगलेलं, गरम लागणारं किंवा गळणारं पेन वेगळ्या डब्यात, भिंतीपासून आणि मालापासून लांब. बॅटरी आणि तेल दोन्ही घेणारा परवानाधारक वाहतूकदार शोधा. बरेच जण एकच घेतात, हे करार करण्यापूर्वी विचारा. आणि तेलाचं वजन पॅकेजमधून वजा करायला विसरू नका. पेनाचं एकूण वजन नव्हे, लेबलवरचं निव्वळ.

कॅलिफोर्नियाच्या एबी १८९४ कायद्यानुसार १ जुलै २०२४ पासून अशा पेनांच्या वेष्टनावर आणि जाहिरातीत 'डिस्पोजेबल' म्हणायला बंदी आहे, आणि घातक कचरा म्हणून टाका अशी सूचना लागते. दुकानात परत घ्यायचा डबा ठेवणार असाल तर ग्राहकाने टाकल्यावर हात घालता येणार नाही अशा तोंडाचा आणि कॅमेऱ्याखाली ठेवा.

लागवडीवाल्यांनो, तुमचे जुने एचपीएस आणि मेटल हॅलाइड दिवेही याच सार्वत्रिक कचऱ्यात येतात, त्यात पारा असतो. मूळ खोक्यात परत घाला, वर तारीख लिहा.

---

ताम्हण

धन्यवाद शेंदरी, लगेच थांबवतो. गमी आणि पेयांचं?

---

शेंदरी

आधी वेष्टन काढा. लहान मुलांना न उघडणाऱ्या झाकणाची बाटली तशीच डब्यात टाकली तर माल नष्ट झाला असं कोणीच मानणार नाही. गमी थंड दळल्या की यंत्राला चिकटतात, त्यापेक्षा गरम पाण्यात विरघळवा आणि तो पाक भुश्यात किंवा पाळीव मांजरांच्या शौचासाठी मिळते त्या शोषक मातीत मुरवा. चॉकलेट उलट, फ्रीजमध्ये कडक करून चुरा करा. त्यात भांड्यांचं साबण-पाणी घातलं की कोणी खाण्याचा प्रश्न उरत नाही.

पेयं थेट डेपोला चालत नाहीत, मोकळा द्रव घेत नाहीत. त्यासाठी गाळणीची चाचणी आहे : ६० मेशच्या रंगगाळणीत १०० ग्रॅम माल पाच मिनिटं ठेवायचा, एक थेंब जरी खाली पडला तरी द्रव. शोषक घालत राहा, थेंब थांबेपर्यंत.

---

वाचनमात्र

या सगळ्यापेक्षा जाळून का टाकत नाहीत? आणि भारतात काय पद्धत आहे?

---

काटेकोर

वाचनमात्र, ओल्या पाल्यात तीन-चतुर्थांश पाणी. तो जळत नाही, धुमसतो. त्याला भट्टी लागते, भट्टीला हवेचा परवाना लागतो, शेजारी तक्रार करतात. कॅनडात तर नियमच आहे की नष्ट करताना कोणाला गांजाच्या धुराचा किंवा वाफेचा संपर्क होता कामा नये. हेम्पच्या, म्हणजे नशा न आणणाऱ्या गांजाच्या, शेताचं वेगळं. ०.३ टक्क्यांच्या वर टीएचसी (नशा आणणारा घटक) गेलेलं हेम्प नष्ट करायला अमेरिकेच्या कृषी खात्याने नांगरून गाडणं, डिस्क फिरवणं, कंपोस्ट, किमान १२ इंच खोल पुरणं आणि जाळणं असे पर्याय दिलेत.

महाराष्ट्रात असा परवान्याचा धंदा नाही, तिथे प्रश्न जप्त मालाचा. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम ५२अ प्रमाणे यादी, छायाचित्रं आणि नमुने दंडाधिकाऱ्यासमोर प्रमाणित होतात आणि मग समितीमार्फत माल नष्ट होतो. सविस्तर नियम २०२२ चे आहेत.

---

ओलाकोरडा

कॅमेऱ्याबद्दल राहिलं. कॅलिफोर्नियात चित्रण ९० दिवस ठेवावं लागतं, कोलोरॅडोत ४०, आणि कॅलिफोर्नियात कागदपत्रं ७ वर्षं. म्हणजे चित्रण पुसलं गेल्यावरही कागद बोलला पाहिजे. नोंदीत वेळ, टॅग किंवा पॅकेज क्रमांक, रिकाम्या डब्याचं वजन, निव्वळ वजन, कारण, पद्धत आणि दोघांच्या सह्या ठेवा. काट्याचा पडदा कॅमेऱ्यात वाचता येईल असा कोन लावा. नुसती माणसाची पाठ दिसत असेल तर त्या चित्रणाचा उपयोग नाही. कॅमेऱ्याचं घड्याळ राष्ट्रीय प्रमाण वेळेशी जुळलेलं हवं. ते सात मिनिटं पुढे असेल तर मेट्रकमधली नोंद तोलण्याच्या आधीची दिसते.

पावतीचंही तसंच. वाहतूकदाराचं नाव, उचलल्याची तारीख-वेळ, कुठे गेलं. स्वतः नेत असाल तर डेपोच्या काट्याची पावती. तिच्यावरचं वजन मिश्रणाचं असतं, मेट्रकमधलं नुसत्या गांजाचं, म्हणून दोन्ही जुळणार नाहीत आणि जुळवायचा प्रयत्नही करू नका. पावतीच्या मागे त्या फेऱ्यातल्या नोंदींचे क्रमांक लिहा, तेवढं पुरतं.

---

ठिबक

आमच्याकडे गेल्या फेऱ्यात मिश्रणाचंच वजन चढलंय. आता काय करायचं?

---

ओलाकोरडा

बॅच बंद केली नसेल तर ती कचरा-नोंद रद्द करून योग्य वजनाने पुन्हा करा. बंद झाली असेल तर बॅच पुन्हा उघडा, दुरुस्ती करा, मग बंद करा. शेऱ्यात स्पष्ट लिहा : मिश्रणाचं वजन चुकून नोंदलं, मूळ वजन अमुक, कागदी नोंदीचा क्रमांक अमुक. कागदावर खाडाखोड नको. चुकीच्या आकड्यावर एक आडवी रेघ, बाजूला बरोबर आकडा, आद्याक्षरं, तारीख.

मूळ वजन कागदावरही नसेल तर आकडा बनवू नका. त्या दिवशीचं चित्रण काढा, काट्याचा पडदा दिसतोय का बघा. दिसत नसेल तर जेवढं माहीत आहे तेवढंच शेऱ्यात लिहून विभागाला स्वतः कळवा. आणि ९० दिवस उलटायच्या आत ते चित्रण वेगळं जतन करा.